तांत्रिक खंड

“आई, सगळं एकाच ओळीत नको. प्रत्येक कंत्राट वेगळं लिहू. लपवायचं कशाला?” आईचा बायोडेटा टाइप करणाऱ्या ओवीने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

रजनीने मांडीवरच्या नेमणुकीच्या ऑर्डरी उगाच पुन्हा नीट लावल्या. अकरा महिने नर्सची नोकरी, मग चार दिवसांचा ‘तांत्रिक खंड’, की त्याच दवाखान्यात नवं कंत्राट. केस पिकले, पण ती कायम काही झाली नाही. आता दुसरीकडे कायम जागा निघाली होती.

“मुलाखतीत विचारतील, एकाच ठिकाणची नोकरी इतक्यांदा का सुटली म्हणून. सलगच लिही बाई.”

ओवीने ऐकलं नाही. एकेक तारीख टाकता टाकता तिची बोटं थांबली. “इथे खंड एवढा मोठा कसा? वर्षभर ऑर्डरच नाही.”

“आजारी होते,” रजनी घाईने म्हणाली. “पोटाचं दुखणं होतं.”

ओवी पडद्यावरच्या सालाकडे बघत राहिली. ते तिचं जन्मसाल होतं.

“पोटात मी होते ना?”

पोट दिसायला लागल्यावर पुढची ऑर्डर निघालीच नव्हती, हे रजनीने लेकीला कधी कळू दिलं नव्हतं. आताही तिने फक्त ओवीच्या डोक्याकडे हात नेला.

तो पोचण्याआधीच ओवीने सगळ्या तारखा पुसल्या आणि पहिलं नि शेवटचं साल एका ओळीत जोडून टाकलं.

“तुझंच बरोबर होतं, आई. खंड नकोच दाखवायला.”