फूट टळली

युद्धाच्या तिसऱ्या महिन्यात पंचविशीपर्यंतच्या मुलांच्या सक्तीच्या लष्करभरतीवरून पक्षात उभी फूट पडायची वेळ आली. ज्यांच्या मुलांनी पंचविशी ओलांडली होती, ते भरतीच्या बाजूने तावातावाने बोलत होते. ज्यांची मुलं अजून कॉलेजात होती, ते विरोधात. कार्यकारिणीत मतं घेतली तर दोन्हीकडे सारखीच.

"द्वारकाताई, तुमचं मत राहिलंय," अध्यक्ष त्रासून म्हणाले. "आता तुम्हीच काय तो निकाल लावा."

द्वारकाताईंचा मुलगा आपणहून फौजेत गेला होता. महिनाभर त्याचा फोन नव्हता. त्या सावकाश उठल्या.

"माझा भरतीला पाठिंबा आहे. फक्त वयाची अट पंचवीसऐवजी सत्तर करा, आणि सुरुवात या खोलीपासून करा."

दोन्ही गटांचे पुढारी गॅलरीत गेले आणि पाच मिनिटांत हसत परत आले. भरतीला विरोध करणारा ठराव लगेच मंजूर झाला. एकट्या ताईंचा हात खाली राहिला.

अध्यक्षांनी त्यांच्यासाठी हार मागवला.

"ताई, तुमच्यामुळे पक्ष वाचला. चिरंजीवांना कळवा, आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी आहोत."

"हो," ताई म्हणाल्या, "बऱ्याच लांबून पाठीशी."