नवा तवा

वसुधाबाई सवयीने स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. थाओने हसून मान हलवली. असं बसलात तर पोलीस मलाच धरतील, आंटी, असं तिने इंग्रजीत समजावलं. मग अडुसष्टाव्या वर्षी वसुधाबाईंनी ओढणी आवळली, पाय पलीकडे टाकला आणि त्या पोरीची कंबर घट्ट धरली.

थाओने सायगॉनला सात वर्षं हेच काम केलं होतं. संध्याकाळी पाहुण्यांना स्कूटरवर मागे बसवायचं आणि रस्त्यावरचं खाणं खाऊ घालत गाव दाखवायचं. आता सॅन होजेतल्या व्हिएतनामी वस्तीत तिने तोच उद्योग मांडला होता आणि आजची फेरी पहिलीच. सहा स्कूटर, चालवायला मामे-मावस भावंडं, आणि गिऱ्हाइकं मात्र पाच. थाओची मैत्रीण अंतरा तिथून जवळच, सांता क्लारात राहायची. स्वतःचं नाव तिने दिलंच होतं. नेपरव्हिलहून राहायला आलेल्या आईलाही तिने गळ घातली. भवानीच्या वेळी माणूस कमी पडू नये, हे वसुधाबाईंना लगेच पटलं.

तसं त्यांना अशा फेरीला नेणं म्हणजे धाडसच. अमेरिकेत चव्वेचाळीस वर्षं काढून त्यांनी अंडंसुद्धा तोंडात घातलं नव्हतं. गळ्यात साखळीला वाचायचा चष्मा, आणि त्याचा मुख्य उपयोग लेबलं वाचणं. चीज असो, पाव असो, चष्मा डोळ्यांवर चढल्याशिवाय वस्तू दुकानातल्या ढकलगाडीत पडायची नाही. मंडळाच्या गणपतीत त्यांनी एकदा जिलेटिन सापडलं म्हणून अख्खा केक परत न्यायला लावला होता. केक आणणारे काका अजून त्यांच्याशी तुटकच बोलतात.

पहिल्या थांब्यावर उसाचा रस मिळाला, तेव्हा त्या खूश झाल्या. दुसऱ्या थांब्यावर त्या नुसतं पाणी प्यायल्या. तिसरा थांबा थाओच्याच घरी होता. गॅरेजमध्ये घडीची टेबलं मांडली होती आणि थाओची आई मोठ्या शेगडीपाशी उभी होती. हळद घातलेली तांदळाची पातळ धिरडी, आत भाजी. वसुधाबाईंचं धिरडं वेगळ्या तव्यावर.

थाओने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आईने आंटींसाठी सकाळी जाऊन नवीन तवा आणला, कारण जुन्यावर मांस झालेलं असतं. तव्याच्या दांड्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं. वसुधाबाईंना भरून आलं. त्यांचा मुलगा आजवर अर्ध्या ग्रिलवर फॉइल पसरायचा आणि म्हणायचा, हे बघ, तुझं सेपरेट.

हात धुवायला त्या मागच्या नळाकडे गेल्या. शेगडीशेजारी चिरलेल्या मशरूमचं पातेलं होतं आणि त्याला लागून एक बाटली. हात पुसता पुसता त्यांनी चष्मा चढवला, सवयच ती. मासे आणि मीठ. एवढंच लिहिलं होतं. त्यांनी पुन्हा वाचलं.

थाओच्या आईने ते पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने चमचा दाखवला, मग अंगठा आणि बोट जवळ आणून अगदी थोडंसं अशी खूण केली, आणि जिभेवर बोट ठेवून हसली. चवीपुरतं.

वसुधाबाईंना आधी रागच आला. इतकं करून शेवटी हे? पण त्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. पाहुण्यापुढे बेचव कसं ठेवायचं, एवढीच तिची काळजी. वसुधाबाई स्वतः हिंगाशिवाय वरण कुणाला वाढत नसत, मग समोरचा नको म्हणो.

त्या जागेवर येऊन बसल्या. ताटली समोर आली. बाकीच्यांनी फोन वर धरले होते. ते फोनवर लिहितील त्या चार ओळींवर थाओची पुढची फेरी ठरणार होती. थाओची म्हातारी आई ॲप्रनला हात पुसत समोर उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

नको म्हटलं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि ते पोरीला तिच्या आईसमोर ऐकावं लागणार होतं. भवानीच्या गिऱ्हाइकाने नाट लावू नये. वसुधाबाईंनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि घास घेतला. चव चांगली होती, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. अंतराने शेजारून त्यांच्या ताटलीतला एक तुकडा उचलला. उरलेलं धिरडं त्यांनी कडेपर्यंत संपवलं आणि म्हातारीला हात जोडले. तिने टाळी वाजवली.

फेरी संपली तशा मायलेकी पार्किंग लॉटमध्ये आल्या. वसुधाबाईंना हेल्मेट काढता येईना. अंतरा जवळ आली.

"आई, सॉरी गं. तुझ्या त्या धिरड्यात फिश सॉस होता. मला पहिल्या घासालाच कळलं, पण तोपर्यंत तू खायला लागली होतीस. तू बाटली वगैरे चेक नाही केलीस?"

"कशी करणार? चष्मा घरीच राहिला ना."

अंतराने हेल्मेटच्या पट्ट्यात गुंतलेली चष्म्याची साखळी हळूच सोडवली, चष्मा ओढणीने पुसला आणि आईच्या गळ्यात परत नीट सोडला.