सोबत

रागिणीवहिनींनी कपाटातला स्वेटर नाकाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग किशोरकडे न बघताच म्हणाल्या, "मले ती जागा दाखवा भाऊजी. तुमी लोक शिगरेट पेता ती."

नवऱ्याचं, भगवंतचं, कपाट रिकामं करायला त्या अकोल्याच्या या बियाण्यांच्या कंपनीत आल्या होत्या. चष्म्याचं घर, डबा आणि हा स्वेटर. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून इतकंच निघालं. भगवंतसोबत काम करणाऱ्या किशोरला नाही म्हणवेना. तो पुढे झाला.

ऑफिसात सिगारेटबंदी आली तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यानेच केला होता. "छाती माही, पैसा माहा, कंपनीच्या बापाचं काय जाते?" बाहेर टाळू भाजून काढणारं ऊन, म्हणून तो बंद पडलेल्या जनरेटरच्या खोलीत जाऊन ओढायचा. आणि भगवंत, ज्याने जन्मात सिगारेटला हात लावला नाही असा भला माणूस, मागोमाग यायचा. "एकटा काहून बसतं? चाल, मी येतो सोबत." वर्षानुवर्षं हेच चाललं. मग कंपनीत तपासणीचं शिबिर झालं. किशोरची छाती साफ निघाली. गाठ भगवंतच्या फुप्फुसात होती.

खोलीला एकच झरोका, तोही जाळ्यांनी भरलेला. दोन खोकी समोरासमोर. भगवंत गेल्यापासून त्याच्या खोक्यावर कोणी बसलं नव्हतं. किशोर अजूनही रोज येऊन आपल्या खोक्यावर बसायचा. सिगारेट पेटवली की समोरून खोकला ऐकू यायचा. आधी आधी तो दचकायचा. आता वाट पाहायचा.

वहिनी नेमक्या भगवंतच्याच खोक्यावर बसल्या.

"घरी आले का अंगाले हाच वास," त्या म्हणाल्या. "रोज इचारो मी. ते म्हनत, नाई पेत वं मी. पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं त्यायनं, शिवमच्या. दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला, तरी तेच. मंग मी बोलनंच सोडलं. म्हटलं, एकडाव खरं सांगा, मंग बोलीन. ते तसेच गेले."

त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते.

"आता तुमी सांगा भाऊजी. पेत होते का ते?"

नाही म्हणावं, तर खरं बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरला आणि त्यातच तो गेला, हे या बाईला जन्मभर उरावर घेऊन जगावं लागणार. शिवाय मग अंगाला येणारा तो धूर कोणाचा, हेही तिला कळणार. आपण वहिनींना वाचवतोय की स्वतःला, हे त्याचं त्यालाच समजेना. समोर कोणीतरी खोकलं. वहिनींना ऐकू आलं नाही.

"पेत होता, वहिनी," तो म्हणाला. "दिवसातून एखादी."

वहिनींचे खांदे सैल पडले. "म्हनजे मी चुकली नाई," त्या पुटपुटल्या, आणि आता कुठे त्यांना रडू फुटलं. पोटभर रडून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतून मोबाइल काढला. "शिवमले सांगतो. तिकडं अमरावतीले कॉलेजात बसून माह्याशी धड बोलत नाई तो. म्हनते, माहे बाबा माही खोटी शपथ खातीलच कशी? तूनंच त्यायच्यावर इश्वास ठेवला नाई."

"वहिनी, राहू द्या..." किशोर उठलाच. पण पलीकडे फोन उचलला गेला होता. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला.

"शिवम, पेत होते तुहे बाबा. किशोरभाऊजीनं आत्ताच सांगतलं मले."

पलीकडून पोराचा बारीक झालेला आवाज आला.

"काकानं सांगतलं? मंग खरंच असन."