काकांचं सामान

नवं घर लहान, म्हणून काकांनी उरलेल्या सामानासाठी गोदामात एक खोली भाड्यानं घेतली. ओल लागू नये म्हणून सगळं लाकडी फळ्यांवर चढवलं, एकेक वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळली, दाराला दोन कुलपं ठोकली. शिवाय दर रविवारी ते जाऊन भिंतींवर हात फिरवून यायचे.

"अहो, पाय मोडलेलं टेबल आणि बंद पडलेला पंखा कोण नेणार आहे?" काकू म्हणायच्या.

"तुला किंमत नाही, पण चोराला असते!" काका फणकारायचे.

आणि एका सकाळी गोदामातून फोन आलाच. रांगेतल्या सगळ्या खोल्या चोरांनी फोडल्या होत्या. काका काकूंचीच चप्पल पायात अडकवून धावत सुटले, मागोमाग काकू.

शेजारच्या खोल्यांचे मालक कपाळाला हात लावून बसले होते. कुणाचा टीव्ही गेला होता, कुणाचं शिलाई मशीन. काकांचीही दोन्ही कुलपं तुटून पडली होती. ते आत शिरले आणि अर्ध्या तासानं चेहरा पाडून बाहेर आले. काकू लगबगीनं पुढे झाल्या. कितीही नावं ठेवली तरी संसार त्यांचाही होता.

हवालदारानं वही उघडली. "बोला काका, तुमचं काय काय गेलं?"

 

"गेलं काहीच नाही हो," काका आवाज खाली आणून म्हणाले, "उलट शेजारच्यांच्या दोन मोडक्या खुर्च्या चोर आमच्या खोलीत टाकून गेलेत."