दिव्यापुरती करडई

"देवीच्या दिव्याला आपल्याच रानातलं तेल घाल गं बाई," असं सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात बजावलं होतं आणि अनसूयेनं शब्द दिला होता.

यंदा सरकारनं तेलावरचा आयातकर उतरवला, बाहेरचं तेल स्वस्त झालं आणि करडईचा भाव पडला. नवरा मोंढ्यातून तणतणतच आला. "व्यापारी म्हणतो, पोपटांना घालायला घेतो! आता रानभर हरभराच. करडईचं बियाणंही उद्या देऊन टाकतो."

"अहो, मग देवीचा दिवा?"

"लाव की पामतेलाचा!"

ती जपाला बसली, पण बोटं एकाच मण्यावर अडखळत राहिली. शेवटी तिनं ओटीत करडईचं बी घेतलं आणि खुरपं उचललं.

"कुठं निघालीस?"

"हरभऱ्याच्या बांधाला काटेरी करडई लावते. गुरं आत शिरायची नाहीत," ती हळूच म्हणाली आणि नवरात्रातल्या अनवाणी पायांनी रानाकडे चालू लागली.