आईच्या हातची चव

नऊ वर्षांच्या कृत्तिकाचं वजन सोळा किलोवर आलं होतं. आहारतज्ज्ञ मेधाताईंनी चवीच्या पट्ट्यांचा डबा उघडला. पट्टी जिभेवर ठेवली की वॉर्डातली पांढरी पेज हव्या त्या चवीची लागे. आंबा झाला, चॉकलेट झालं. पोरीने सगळं थुंकून टाकलं.

"मला आईच्या हातचं हवं."

मेधाताई तिच्या आईला, प्राजक्ताला, बाहेर घेऊन गेल्या. "तुमच्या स्वयंपाकाची पट्टी करता येईल. पण केमो चालू असताना जी चव तोंडात असते, तिचा पुढे जन्मभर उबग येतो. म्हणून आम्ही परक्याच चवी देतो."

"माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला तरी ती राहील ना? करा पट्टी."

त्या दिवसापासून कृत्तिका वाटी चाटूनपुसून खाऊ लागली.

वर्षभराने ती शाळेच्या गणवेशातच तपासणीला आली. वजन अठ्ठावीस भरलं.

"काय गं, एवढं खातेस तरी काय?" मेधाताईंनी कौतुकाने विचारलं.

"मी शेजारच्या काकूंकडे जेवते," कृत्तिकाने नाक मुरडलं. "आईच्या जेवणाला औषधाचा वास येतो."

"तिथे दोन-दोन पोळ्या खाते हो, ताई!" प्राजक्ता घाईघाईने म्हणाली.