पट्टीखालचा फोम

"टक्" असा आवाज झाला आणि ओट्यासमोरची जमिनीची पट्टी तिच्या टाचेखाली पुन्हा खचली.

"ऐकलंत?" ती फरशीवाल्यावर कडाडली. "अजून वर्षही झालं नाही. ही तुमची पक्की जोडणी?"

फरशीवाला उकिडवा बसला. दोन पट्ट्यांमधल्या फटीत त्याने नख घातलं. "खाच मोडलीय, ताई," एवढंच म्हणाला आणि दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं तिला मिरचीसारखं झोंबलं. पट्ट्या निवडल्या तिने, आज रजा काढून घरी थांबली ती, आणि हा तोंडाकडे बघतोय सासूबाईंच्या!

दगडी फरशी काढा, असा धोशा खरं तर सासूबाईंनीच लावला होता. गुडघे दुखतात म्हणे. मग तिनेच चार दुकानं पालथी घातली. विनाइलच्या कडक पट्ट्या पसंत केल्या. पट्टीखाली घालायच्या थरांचे नमुने अंगठ्याने दाबदाबून पाहिले. दुकानदार जाड, मऊ फोम तिच्या गळ्यात मारायला बघत होता. पायाला छान लागतो, म्हणाला. तिने साफ उडवून लावलं. या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत अडकून बसतात. खाली मऊ लागलं की पाय पडेल तिथे वाकतात आणि खाच मोडते. शिवाय तिने घेतलेल्या पट्ट्यांना पाठीला पातळ, घट्ट अस्तर मुळातच चिकटवलेलं होतं. "याच्याखाली आणखी काही म्हणजे काही घालायचं नाही," असं फरशीवाल्याला बजावून ती निर्धास्तपणे कामावर गेली होती.

"उचला ती पट्टी," ती म्हणाली.

"ताई, कशाला उगाच..."

"उचला म्हणते ना!"

त्याने पातीने पट्टी उचकटली. खाली निळा फोम होता. जाड, मऊ, दुकानात तिने नको म्हणून बाजूला सारला होता तोच.

"हे कुणी घातलं?"

"मी नको म्हटलं होतं," फरशीवाला जमिनीकडे बघत पुटपुटला. "ताई मलाच बोलतील, हेही सांगितलं होतं."

"मी घालायला लावला," सासूबाई म्हणाल्या.

तिचा तोल सुटला. "मला न विचारता? तुमच्या गुडघ्यांपायी एवढी जमीन वाया घालवलीत? कप फुटला की तुम्ही धावत येणार, दूध उतू गेलं की धावत येणार. न्हाणीघरात मला जरा वेळ लागला की दारावर थाप! आता पायाखालची जमीनसुद्धा तुमच्याच मर्जीची? या घरात माझं काही आहे की नाही?"

सासूबाईंची ही पाळत तिला नकोशी झाली होती. त्या पाळतीतून सुटलेली एकच गोष्ट होती आणि ती तिने जिवापाड जपली होती. लहानपणी तिला फेफरं यायचं. औषधांनी ते थांबलं, लग्न झालं, आणि गेल्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. नवऱ्याखेरीज घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाईंना कळलं, तर दुखणं लपवून पोरगी आमच्या गळ्यात बांधली, असं म्हणत त्या आपल्याला जन्मभर टोचतील, याची तिला धास्ती होती. एकदा ती पलंगाजवळ पडली. जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती. गुंगीत आपणच ओढून घेतली असेल, असं ती धरून चालली. दुसऱ्यांदा इथेच, ओट्यासमोर पडली आणि कपाळावर टेंगूळ आलं. कपाटाचं दार लागलं, असं तिने ठोकून दिलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते गुडघ्यांचं रडगाणं सुरू केलं.

"बोला ना आता," ती म्हणाली. "स्वतःच्या खोलीत तर दुप्पट घालून घेतला असेल!"

"आईंच्या खोलीत नाहीये, ताई," फरशीवाला मध्येच बोलला. "हॉलमध्येही नाही. फक्त इथे आणि तुमच्या खोलीत."

"मग गुडघे?" तिने सासूबाईंकडे वळून विचारलं.

सासूबाईंनी फरशीवाल्याला हातानेच बाहेर थांबायला सांगितलं. तो हत्यारं तिथेच टाकून गेला. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि चांगल्या मांडी घालून खाली बसल्या. उघड्या पडलेल्या फोमवर त्यांनी तळहात दाबून पाहिला.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" त्या हळूच म्हणाल्या. "पण उशी घेऊन मी दर वेळी वेळेवर पोचतेच असं नाही गं."